प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा?

विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाने बाहेरच्या संस्थेशी नातं जोडायचं, ते नेमकं कशासाठी? रसायनशास्त्राच्या विभागाला हा प्रश्न फारसा अडत नाही. कारखान्याला शिकलेली माणसं हवी असतात, विभागाला प्रयोगांची सोय आणि विद्यार्थ्यांना नोकरी हवी असते. दोघांचाही हिशेब सरळ असतो. तत्त्वज्ञानाचा विभाग मात्र एखाद्या मठाकडे, वेदांत पाठशाळेकडे, सेमिनरीकडे किंवा विहाराकडे जातो तेव्हा गोष्ट अवघड होते. तिथे ज्ञान श्रद्धेने जपलेलं असतं, आमच्याकडे तेच ज्ञान तपासून घ्यायची शिस्त असते. त्यांना वाटतं, हे लोक आपल्या उपासनेला निव्वळ अभ्यासाची वस्तू करून टाकतील. आम्हाला वाटतं, यांच्याशी जवळीक वाढली तर शंका घ्यायचं आपलं स्वातंत्र्य आक्रसेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. म्हणून हा मामला करारापुरता राहत नाही. त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: श्रद्धा आणि चिकित्सा ज्ञानाच्या कामात भागीदार होऊ शकतात का?

मी एम.ए.च्या वर्गांना न्यायदर्शन आणि प्रमाणशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं विभागाच्या बाहेरच्या संस्थांशी असलेल्या सहकार्याचं कामही माझ्याकडे आहे. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. अशी भागीदारी होऊ शकते, पण एका अटीवर. दोन्ही बाजूंना एकमेकींना प्रश्न विचारण्याचा सारखा अधिकार हवा, आणि आलेल्या प्रश्नाला उत्तर देणं दोघींवर बंधनकारक हवं. ही अट पाळली तर श्रद्धेला आपली श्रद्धा सोडावी लागत नाही आणि चिकित्सेला आपली धार बोथट करावी लागत नाही. ती पाळली नाही तर बाकी सगळं असूनही भागीदारी होत नाही.

आज बहुतेक ठिकाणी ही अट लक्षातच घेतली जात नाही. नॅकच्या मूल्यमापनात संशोधन आणि विस्ताराच्या निकषाखाली सहकार्याचा एक घटक आहे, आणि तिथे चालू सामंजस्य करारांची संख्या भरावी लागते. त्यामुळे मार्च-एप्रिल आला की विभाग करार शोधू लागतात. मसुदा साधारण ठरलेला असतो. बाहेरच्या संस्थेने विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीसाठी परवानगी द्यावी, ग्रंथालय खुलं करावं, हस्तलिखितांच्या छायाप्रती काढू द्याव्यात, मुलाखती द्याव्यात. विभागाने मार्गदर्शन करावं आणि प्रमाणपत्र द्यावं. सह्या होतात, शाल-श्रीफळ दिलं जातं, फोटो अहवालात लागतो. यात कोणाचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण या मसुद्यात एक बाजू सतत विचारणारी आणि दुसरी सतत पुरवणारी असते. ज्ञानाच्या व्यवहारात ही वाटणी एकदा पक्की झाली की पुढे कितीही गोड संबंध राहिले तरी त्यातून नवा विचार निघत नाही.

हे मला एका छोट्या पाठशाळेच्या ओसरीवर फार स्पष्टपणे दिसलं. नदीकाठच्या या पाठशाळेत मुलं आधी तर्कसंग्रह आणि मुक्तावली करतात आणि मग पंचदशी, शांकरभाष्य अशा वाटेने वेदांताकडे जातात. मी आमचा मसुदा घेऊन गेले होते. तिथल्या गुरुजींनी तो सावकाश वाचला, मांडीवरच्या पाटीखाली ठेवला आणि विचारलं, "बाई, तुमची मुलं इथे येऊन आम्हाला विचारणार, हे लिहिलंय. चांगलं आहे, येऊ द्यात. पण आमच्या मुलांनी तुमच्या वर्गात येऊन शंका काढली, तर तिचं समाधान कोणी करायचं? ते कुठल्या कलमात आहे?"

ते कुठल्याच कलमात नव्हतं. आम्ही ते कलम तिथेच बसून लिहिलं. दर सत्रात एका बाजूने एक लेखी प्रश्न काढायचा, दुसऱ्या बाजूने त्याला लेखी उत्तर द्यायचं, मग दोन्हीकडच्या मुलांसमोर त्यावर बोलणी करायची, आणि पुढच्या सत्रात पाळी बदलायची. एवढंच कलम. आमच्या नात्यात पुढे जे काही चांगलं घडलं, ते त्यातून घडलं.

गुरुजींच्या प्रश्नामागे महाराष्ट्राचा दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. रूपं बदलत बदलत तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. त्या प्रवासात शास्त्री आणि प्राध्यापक एका छपराखाली आले, पण सारख्या पायरीवर आले नाहीत. जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पुण्यात ते अनंतशास्त्री पेंढरकरांकडे व्याकरण शिकले, नागेशभट्टांच्या परिभाषेंदुशेखराचं संपादन आणि भाषांतर केलं, पुढे पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती काढली. हे काम थोरच आहे. कीलहॉर्न शास्त्र्यांचा आदर करत होते यातही शंका नाही. पण त्या व्यवस्थेत काय विचारायचं, कोणती आवृत्ती काढायची, कोणत्या पद्धतीने काढायची हे प्राध्यापकाच्या बाजूला ठरत होतं. शास्त्र्याने जाणायचं आणि सांगायचं. त्याने उलट विचारावं, म्हणजे तुमची पाठनिश्चितीची पद्धत कोणत्या प्रमाणावर उभी आहे असं विचारावं, अशी जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. विद्यापीठं आली, पदव्या आल्या, इंग्रजी आली, तशी ही दरी रुंदावत गेली. माझ्या पिढीने भारतीय तत्त्वज्ञान शिकलं ते बहुतांशी इंग्रजी पुस्तकांतून. ज्या परंपरेवर ती पुस्तकं लिहिली होती, तिचे जाणकार शंभर मैलांच्या आत जिवंत होते, पण आमच्या परीक्षेशी त्यांचा संबंध नव्हता.

या दरीवर पूल बांधायचे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत, आणि ते विसरणं परवडणारं नाही. १९१६ साली खानदेशात अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरणीच्या पैशातून तत्त्वज्ञानाची संशोधनसंस्था निघावी, तीही तालुक्याच्या गावी, ही गोष्ट आज ऐकतानाही अंगावर मूठभर मांस चढतं. प्रतापशेठांची ओढ अद्वैताकडे होती. संस्थेने अद्वैताचा पुरस्कार करावा असं त्यांना वाटत असणार. पण त्यांनी बोलावलेले अभ्यासक स्वतंत्र बुद्धीचे होते. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मूलगामी विचारवंत १९३०च्या दशकात तिथे प्रमुख होता. त्याच संस्थेतले घ. र. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी १९३३ साली ‘अज्ञान’ या एकाच विषयावर एकत्र पुस्तक काढलं. अद्वैतातलं हे कळीचं तत्त्व, आणि त्यावर एका मताचा ग्रंथ न काढता तिघांनी आपापला निबंध आपापल्या जबाबदारीवर लिहिला. अद्वैतावर श्रद्धा असलेल्या दात्याच्या संस्थेतून अद्वैताच्या पायाभूत कल्पनेची अशी उघड चर्चा छापून निघाली. श्रद्धा आणि चिकित्सा एका घरात नांदू शकतात का, असं मला कोणी विचारलं तर मी आधी अमळनेरकडे बोट दाखवते.

दुसरा प्रयत्न माझ्या मनाला अधिकच भिडतो. जुलै १९८३ मध्ये पुण्यात नैयायिक पंडित आणि विद्यापीठांतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक समोरासमोर बसले. यामागे जयपूरचे दया कृष्ण आणि आपले मे. पुं. रेगे होते. रेगे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी, तिच्या ‘नवभारत’ मासिकाशी त्यांचं नातं घट्ट होतं. एका अंगाने ते विद्यापीठाचे आणि दुसऱ्या अंगाने पाठशाळेचे. त्यामुळे दोन्हीकडची अडचण त्यांना आतून ठाऊक होती.

त्या बैठकीचं वेगळेपण ती कोणत्या विषयाभोवती ठेवली यात आहे. पंडितांना बोलावून ‘न्याय समजावून सांगा’ अशी विनंती करणं सोपं होतं. तसं झालं असतं तर ते आदरपूर्वक केलेलं आणखी एक टिपण ठरलं असतं. त्याऐवजी बर्ट्रांड रसेलच्या प्रपोझिशनविषयीच्या विचारातले प्रश्न पंडितांपुढे संस्कृतात ठेवले गेले आणि त्यांचं मत विचारलं गेलं. म्हणजे ज्या सिद्धांताच्या जोरावर आधुनिक प्राध्यापक स्वतःला आधुनिक समजत होता, तो सिद्धांतच परीक्षेला बसला. वाक्याचा अर्थ म्हणून ज्ञात्यापासून आणि शब्दांपासून सुटी अशी काही वस्तू असते का? नैयायिकाला हे सहज पटण्यासारखं नाही. त्याच्याकडे शब्द आहेत, जगातले पदार्थ आहेत आणि त्या पदार्थांचं परस्परसंबंधांसह होणारं ज्ञान आहे. या तिघांच्या मध्ये चौथं काही मानायचं तर त्याची गरज आधी सिद्ध करा, असं तो म्हणणार. हा आक्षेप रसेलला लागतो का, लागत असेल तर किती, हा खरा तत्त्वज्ञानातला वाद आहे. दोन परंपरांनी एकमेकींकडे पाहुणी म्हणून न जाता प्रतिपक्ष म्हणून जायचं धाडस तिथे केलं.

त्यासाठी लागलेली तोशीसही लक्षात घ्यायला हवी. रसेल संस्कृतात नेण्याचं कष्टाचं काम विद्यापीठाच्या बाजूने अंगावर घेतलं. पंडितांनी इंग्रजीत यावं अशी अट घातली नाही. ज्याच्याकडे सत्ता, पैसा आणि प्रतिष्ठा जास्त, त्याने भाषेचं ओझं उचलायचं, हे सामंजस्य कराराच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं सूत्र आहे. या संवादांचं पुस्तक १९९१ साली ‘संवाद’ याच नावाने निघालं आणि त्यात संस्कृत व इंग्रजी दोन्ही भाषा शेजारी शेजारी आहेत.

पुण्याच्या बैठकीनंतर असे संवाद इतरत्रही झाले. त्यांत काशीच्या बदरीनाथ शुक्लांनी जे केलं ते मी दरवर्षी वर्गात सांगते. शुक्ल संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाचे कुलगुरू राहिलेले, परंपरेतले मान्यवर नैयायिक. न्यायदर्शनाने शतकानुशतकं आत्मा हा शरीराहून वेगळा पदार्थ म्हणून सिद्ध केला आहे, आणि चार्वाकाचा देहात्मवाद हा त्याचा ठरलेला पूर्वपक्ष. शुक्लांनी न्यायाचीच सामग्री वापरून दाखवलं की शरीर आणि मन यांच्या आधारे आत्म्याकडे सोपवलेली कामं भागवता येतात का, याचा गंभीर विचार न्यायाच्या चौकटीत राहूनही होऊ शकतो. परंपरेत मुरलेल्या एका पंडिताने आपल्याच दर्शनाची एक बंद खोली उघडली. बाहेरच्यांच्या दबावाखाली कोणी असं करत नाही. समोरचा आपल्याला खरोखर प्रश्न विचारतो आहे आणि आपणही त्याला विचारू शकतो, असा विश्वास वाटला की माणूस हे करतो.

हा विश्वास कशाने येतो? याचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उत्तर वैद्यकाच्या ग्रंथात आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात जाणकारांनी एकमेकांशी करायच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक सलोख्याची आणि एक विरोधाची. सलोख्याची चर्चा कोणाशी करावी, तर जो जाणता आहे, ज्याच्याकडे बोलण्याची आणि प्रतिपक्षाला उत्तर देण्याची ताकद आहे, जो चिडत नाही, ज्याला समजावता येतं आणि जो समजावू शकतो, अशाशी. मग तिचे नियम येतात. मोकळेपणाने बोलावं, मोकळेपणाने विचारावं. समोरच्याने विश्वासाने विचारलं तर उत्तर स्पष्ट द्यावं. हरण्याच्या भीतीने बावरू नये. समोरचा हरला तर आनंद मानू नये, आणि बाहेर जाऊन त्याची फुशारकी मारू नये. दोन संस्थांच्या करारात याहून अधिक काय लागतं? हरण्याची तयारी आणि जिंकल्याची वाच्यता न करणं, या दोन गोष्टी पाळल्या तर पाठशाळेची भीतीही जाते आणि विभागाचीही.

या चर्चेत बसायला पात्र कोण, याचंही उत्तर आपल्या परंपरेत आहे. न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायन म्हणतो की ज्याने गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचा शब्द प्रमाण. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू आहे, असंही तो पुढे स्पष्ट करतो. ज्ञानाचा अधिकार जाणण्यावर आणि प्रामाणिकपणावर ठरतो, जन्मावर किंवा शिक्क्यावर नाही, असा याचा सरळ अर्थ मी घेते. हे वाक्य विद्यापीठाच्या हिशेबखात्यानेही वाचायला हवं. कारण गुरुजींनी आमच्याकडे व्याख्यान दिलं तेव्हा मानधनाच्या अर्जातला शैक्षणिक पात्रतेचा रकाना भरता येईना. पदवी नाही म्हणून त्यांना शाल-श्रीफळ, आणि तोच विषय शिकवणाऱ्या बाहेरच्या प्राध्यापकाला मानधन. मी या फरकावर पत्रव्यवहार केला आणि तो मिटेपर्यंत सोडला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली आहे आणि तिथे औपचारिक पदवी अनिवार्य नाही. तिचा उपयोग कारखानदार आणि कॉर्पोरेट अधिकाऱ्यांपुरता न ठेवता शास्त्र, कीर्तन, व्याकरण जाणणाऱ्यांसाठीही झाला पाहिजे. आदर आणि मोबदला वेगळे ठेवले की भागीदारीचं उपकारात रूपांतर होतं.

आता त्या लेखी प्रश्नांतून काय निघालं, ते सांगते. पाठशाळेचा पहिला प्रश्न अनुमानावर होता. तुम्ही विज्ञानाची बाजू घेता, विज्ञान अनुमानावर चालतं, मग काही थोड्या ठिकाणी पाहिलेला संबंध सगळीकडे लागू आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? आम्ही वर्गात हाच प्रश्न विचारणारा ह्यूम शिकवतो, पण तो प्रश्न आमच्याच दारात येऊन कोणी विचारेल असं विद्यार्थ्यांना वाटलं नव्हतं. उत्तराच्या बैठकीला पाठशाळेची मुलं आली. त्यांच्यातल्या एकाने फळ्यावर नेहमीचं उदाहरण लिहिलं: धूर आहे म्हणून आग आहे, हे बरोबर, पण आग आहे म्हणून धूर आहे, हे चूक. तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगीबरोबर धूर येतो तो सरपण ओलं असेल तेव्हा. ओलं सरपण ही तिथली उपाधी. धूर जिथे जिथे असतो तिथे ती असते, पण आग जिथे जिथे असते तिथे ती असतेच असं नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीने संख्याशास्त्रात पदवी घेतली होती. ती म्हणाली, "हे तर आमचं कन्फाउंडिंग. दोन गोष्टींचा संबंध दिसतो, पण तिसरीच गोष्ट तो घडवत असते." गुरुजी मागे बसून ऐकत होते. त्यांनी तिला थांबवलं. "थोडं थांब, पोरी. तुझी तिसरी गोष्ट दोघींनाही हलवते. आमचं ओलं सरपण धुराला लागतं, आगीला लागत नाही. आग त्याच्यावाचूनही पेटते. एकच म्हणू नकोस." त्यावरून पुढचा तासभर जी चर्चा झाली तिच्यात मी फारसं बोलले नाही. उपाधीची व्याख्या संख्याशास्त्रातल्या कोणत्या दोषाला जुळते आणि कोणत्याला जुळत नाही, हे दोन्हीकडची मुलं उदाहरणं देऊन तपासत होती. त्या विद्यार्थिनीने पुढे आपल्या प्रबंधिकेसाठी हाच विषय घेतला, आणि पाठशाळेच्या मुलाने आपल्या गुरुजींना विचारलं की व्याप्ती, म्हणजे अनुमानाला आधार देणारा कधीही न चुकणारा संबंध, संभाव्यतेच्या भाषेत मांडली तर ती व्याप्ती राहते का. दोन्ही संस्थांना याआधी हे प्रश्न पडलेले नव्हते. भागीदारीचं फळ मोजायचं असेल तर ते इथे मोजावं.

तरी काही बाबतींत तडजोड करता येत नाही, आणि ते स्पष्ट सांगणंही भागीदाराचं काम आहे. आमच्या मुलींनी पाठशाळेत शिकायला बसायचं तेव्हा कुठे बसायचं, हा विषय निघाला. मी सांगितलं, एकाच ओळीत, आणि जात कोणीही विचारायची नाही. हे मान्य नसेल तर करार होणार नाही. विश्वस्तांनी वेळ घेतला. अखेर मान्य केलं. त्या वेळी मला आधार होता तो वाईच्या परंपरेचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे प्राज्ञपाठशाळेत घडलेले शास्त्री. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी अस्पृश्यतेविषयी शास्त्रार्थासाठी त्यांचा सल्ला घेतला. पुढच्या वर्षी देवदास गांधी आणि राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला तेव्हा पौरोहित्य त्यांनी केलं. धर्मकोशाचं अवाढव्य काम करणारा माणूस आपल्या काळाच्या नैतिक प्रश्नाला शास्त्रांच्या आतून सामोरा गेला. परंपरेला प्रश्न विचारला तर ती मोडते असं मानणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावं.

भागीदारी व्यक्तींच्या जोरावर उभी राहते, पण तिथेच थांबली तर त्या व्यक्तींबरोबर संपते. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे प्राचार्य. दिवसा वर्गात तत्त्वज्ञान आणि एरवी ज्ञानेश्वरीवर प्रवचन, ही दोन्ही कामं त्यांनी आयुष्यभर सारख्याच निष्ठेने केली. विद्यापीठ आणि वारकऱ्यांचा फड यांच्यातली ये-जा एका माणसाच्या देहातून होत होती. अशी माणसं मिळणं हे भाग्य आहे, पण भाग्यावर अभ्यासक्रम चालत नाही. आज आळंदीत शिकून एम.ए.ला येणारी मुलं आमच्या वर्गात असतात. त्यांचं पाठांतर, त्यांची निरूपणाची तयारी आमच्या गुणपत्रिकेत कुठेही दिसत नाही. हे बदलायचं तर नियम, श्रेयांक आणि ठरलेला निधी लागतो.

संस्थेच्या पातळीवर हे करून दाखवलेलं उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. कर्नाटकात मुंडगोडला ड्रेपुंग आणि गाडेन हे तिबेटी विहार पुन्हा उभे राहिले आहेत. अमेरिकेतल्या अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने १९९८ पासून ड्रेपुंग लोसेलिंगशी आणि पुढे धरमशालेच्या तिबेटी ग्रंथालयाशी मिळून काम उभं केलं. भिक्षूंसाठी जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, मेंदुविज्ञान यांची पाठ्यपुस्तकं तिबेटी आणि इंग्रजीत नव्याने लिहिली, तिबेटीत नव्हते ते शास्त्रीय शब्द भाषांतरकारांनी एकत्र बसून घडवले, आणि आज विज्ञान हा मोठ्या विहारांच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. उलट दिशेनेही प्रवाह वाहिला. ड्रेपुंग लोसेलिंगमध्ये शिकलेले आणि एमरीतून पीएच.डी. झालेले गेशे लोब्सांग तेनझिन नेगी यांनी तिथे करुणेच्या साधनेचा शिक्षणक्रम तयार केला, आणि त्याच्या परिणामांवर शास्त्रज्ञांनी संशोधन केलं. तिथेही विद्यापीठाने भाषेचं ओझं उचललं, आणि वेळ दिला. एका मूल्यमापनाच्या फेरीत हे झालेलं नाही.

सध्या भारतीय ज्ञानप्रणालीच्या नावाने विद्यापीठं पुन्हा पाठशाळांकडे वळत आहेत. याचं मी स्वागत करते, आणि म्हणूनच एक काळजी बोलून दाखवते. जुन्या व्यवस्थेत आम्ही फक्त विचारत होतो. आता अनेक ठिकाणी आम्ही फक्त गौरव करू लागलो आहोत. सगळं आमच्या ग्रंथांत आधीच होतं, असं म्हणणारा प्राध्यापकही पाठशाळेशी भागीदारी करत नसतो. तो तिला उत्तर द्यायच्या जबाबदारीतून मोकळं करतो, आणि स्वतःलाही. जो प्रतिज्ञा करतो त्याने हेतू द्यायचा, हा तर्कसंग्रहातला धडा आहे. गुरुजींसमोर कोणी पुरावा न देता मोठा दावा केला तर ते मान हलवत नाहीत, ‘हेतू?’ एवढंच विचारतात. तीच कडक शिस्त आम्ही त्यांच्याकडून शिकायची असेल तर त्यांच्या दाव्यांनाही ती लावली पाहिजे. तसं केल्याने त्यांचा मान राखलाच जातो, कारण ज्याच्याशी वाद घालण्याचीही गरज आपल्याला वाटत नाही, त्याला आपण मनातून आधीच बाजूला ठेवलेलं असतं.

या सत्रात प्रश्न विचारायची पाळी आमची आहे. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात अपशूद्राधिकरण आहे आणि तिथल्या भाष्यात शंकराचार्यांनी शूद्राला वेदाध्ययनातून ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला आहे. हा भाग तुम्ही आज मुलांना कसा शिकवता, आणि तो तुम्हाला मान्य आहे का, असं आम्ही लेखी विचारलं आहे. विभागातल्या काहींना वाटलं, असं विचारल्याने नातं तुटेल. तसं झालं नाही. गुरुजींनी उत्तर देण्याचं मान्य केलं आणि सोबत आपलाही प्रश्न पाठवला. तुमच्या विभागाच्या प्रवेशपरीक्षेची भाषा कोणती, फी किती, आणि या दोन कारणांनी किती मुलं दारातूनच परत जातात, याचं उत्तर तुम्ही द्या. दोन्ही उत्तरं एकाच बैठकीत, दोन्हीकडच्या मुलांसमोर वाचायची असं ठरलं आहे. ज्ञानाच्या घरात कोणाला घ्यायचं, याचा जाब दोन्ही घरांना द्यावा लागणार आहे, आणि तो मागण्याचा अधिकार आम्ही एकमेकांना दिला आहे.